जुन्या कवटीवर भोक दिसलं की लगेच आजार? या चुका टाळा

जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड... नागपूर जिल्ह्यातल्या शिळावर्तुळांमधून, म्हणजे मोठ्या दगडांचं कडं रचलेल्या प्राचीन दफनांमधून, माणसांची हाडं मिळतात, पण बहुधा तुकड्यांतच. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते, आणि त्या ओढाताणीत कवटी दबते, वाकते, फुटते. म्हणून दिसेल त्या भेगेला कुऱ्हाडीचा घाव ठरवू नका. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

आधी कडा पाहा, भिंग घेऊनच. जिवंतपणी झालेली जखम भरायला लागली असेल तर कडा गोलसर, गुळगुळीत होतात. मृत्यूच्या सुमारास ओलं, म्हणजे अजून न सुकलेलं, हाड मोडलं, तर कड धारदार राहते आणि तिचा रंग आजूबाजूच्या हाडासारखाच मातकट असतो. कड आतून फिकी, ताजी दिसली तर ती मोड बहुतेक खोदतानाच झालेली. फांद्या फुटल्यासारख्या उथळ रेघा मुळांच्या. जोडीजोडीने समांतर खाचा उंदीर-घुशींच्या दातांच्या.

साफसफाईची घाई नको. चिकट माती उन्हात सुकली की आकसते आणि हाडाचा पापुद्रा सोबत घेऊन निघते. मग ती खरबरीत जागा रोगासारखी दिसते. सावलीत हळू सुकू द्या. मऊ ब्रश आणि बांबूची काडी पुरे.

टाळूच्या मागच्या भागात, मधल्या शिवणीच्या (कवटीची हाडं जुळतात त्या रेषेच्या) दोन्ही बाजूंना असणारी बारीक छिद्रं निसर्गतःच असतात. शिवणीत अडकलेली छोटी जादा हाडंही तशीच. त्यांना फ्रॅक्चर म्हणू नका.

डोळ्यांच्या खोबणीच्या छताला चाळणीसारखी छिद्रं दिसली, की बरेच जण ‘लोहाची कमतरता’ लिहून मोकळे होतात. या निदानाला २००९ साली अभ्यासकांनी जोरदार आव्हान दिलं: नुसत्या लोहाच्या कमतरतेने हाडातली मज्जा (रक्त तयार करणारा मऊ भाग) अशी छिद्रं पडण्याइतकी वाढत नाही, असं त्यांचं म्हणणं. बी-१२ची कमतरता, जंत, रक्तपेशी फुटण्याचे आजार, सगळे विचारात घ्यावे लागतात. आपल्याकडे तर आणखी एक मोह होतो. आज गडचिरोली-चंद्रपुरात सिकलसेलचे (रक्तपेशी फुटण्याच्या एका आनुवंशिक आजाराचे) रुग्ण आहेत, म्हणून ती छिद्रंही सिकलसेलचीच! एवढ्यावरून तसं ठरवता येत नाही. मांडीची, मणक्यांची हाडं बघा, जमल्यास डीएनए तपासा. तोवर अहवालात ‘रक्तक्षयाची शक्यता’ इतकंच लिहा. छिद्रं उघडी आहेत की भरत आलेली, तेही नोंदवा.

आणि खूण नाही म्हणून माणूस निरोगी होता, असंही लिहू नका. पटकी किंवा सर्पदंश काही तासांत माणूस नेतो. हाडावर खूण उमटायला आठवडे-महिने लागतात.