रॉकच्या स्टेजवर पुन्हा कीबोर्ड: मोठ्या खंडानंतर परतणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात १९८५ ते २००० च्या दरम्यान कीबोर्ड वाजवणाऱ्यांचे सहसा दोन संसार असत. गॅदरिंगला कॉलेजचा रॉक बँड, आणि लग्नसराईत, गणपतीत, १४ एप्रिलच्या आगेमागे ऑर्केस्ट्रा किंवा गायन पार्टी. पुढे नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणं. कीबोर्ड माळ्यावर गेला. आता पन्नाशीच्या आसपास पुन्हा बँडमध्ये उभं राहायचं म्हटलं की पहिली धास्ती बोटांची वाटते. ती सोडा. रोज पाऊण तास दिला तर तीन-चार महिन्यांत बोटं बऱ्यापैकी सुटतात. वेळ लागतो तो ऑर्केस्ट्राची सवय मोडायला: सगळं एकट्यानं भरून काढायची सवय.

ऑर्केस्ट्रात ती गरजच होती. व्हायोलिनचा सेक्शन, ट्रम्पेट, बासरी, अकॉर्डियन, सगळे पीस एकाच माणसाकडे. बेसवाला आला नाही तर डाव्या हातानं बेसही त्यानंच धरायचा. रॉक बँडमध्ये ती जागा आधीच भरलेली असते. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, गिटारची ८२ ची. तुमचा मधला सी साधारण २६१ चा. त्याच्या एक सप्तक खाली जाऊन डाव्या हातानं भरगच्च कॉर्ड धरलीत की बेस, गिटार आणि तुम्ही मिळून नुसता चिखल होतो, आणि साउंडवाला सर्वांत आधी मिक्सरवरचा कीबोर्डचाच फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढतो. मग तुम्हाला स्वतःचं ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही आणखी जोरात आणि आणखी भरून वाजवता. परतलेल्या बहुतेकांचे पहिले एक-दोन कार्यक्रम याच चक्रात वाया जातात.

उपाय रोकडा आहे. पहिले दोन महिने तालमीत डावा हात पट्ट्यांवर ठेवूच नका. तो व्हॉल्यूम, पिच व्हील आणि टोन बदलण्यासाठी राखून ठेवा. उजव्या हातात तीन सुरांहून जास्त नकोत, आणि कॉर्डचा मूळ सूर बेसवाल्याला सोडून द्या. ई मायनर सेव्हन असेल तर फक्त जी-बी-डी. एकटं वाजवलं तर ते जी मेजर ऐकू येईल, पण खाली बेसचा ई लागला की कॉर्ड पूर्ण होते. गिटारवाला पॉवर कॉर्ड मारत असेल तर त्यात तिसरा सूर नसतो. म्हणजे गाणं मेजर वाटणार की मायनर हे तुमच्या हातात असतं. ते दोघांनी बसून आधीच ठरवा, नाहीतर तो सोलोत एक धरेल आणि तुम्ही दुसरं. अपवाद आहेत. ‘द डोअर्स’च्या रे मँझारेकनं स्टेजवर डाव्या हातानं फेंडर र्‍होड्स पियानो बेस वाजवला, कारण त्यांच्याकडे स्टेजवर बेस गिटारवालाच नव्हता. तुमच्या बँडमध्ये आहे.

गाण्याच्या पट्टीच्या भाषेत थोडं भाषांतर करावं लागतं. गायक ‘काळी चार’ म्हणेल, गिटारवाला ‘जी शार्प’. गिटारवाल्यांना मोकळ्या तारांच्या पट्ट्या सोयीच्या, म्हणून रॉकमध्ये ई, ए, डी, जी, म्हणजे पांढरी तीन, सहा, दोन, पाच, या फार येतात. काही बँड सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून लावतात. तेव्हा ट्रान्सपोझ (सगळे सूर वर-खाली सरकवणारी सोय) उणे एकवर ठेवून त्यांच्याच नावाची कॉर्ड वाजवणं सोपं जातं, पण बऱ्याच मॉडेलांत वीज गेली की ट्रान्सपोझ शून्यावर येतो. लाइट परत येते, ड्रमर चार मोजतो आणि तुम्ही सगळ्यांच्या वर अर्ध्या सुरात शिरता. ट्रान्सपोझ पॅचमध्येच, म्हणजे टोन आणि त्याच्या सेटिंगच्या साठवलेल्या जोडीत, सेव्ह होत असेल तर तिथे करा. होत नसेल तर ट्रान्सपोझविना वाजवायची तयारी ठेवा.

टोनबद्दल. मशीनमध्ये हजार असतील, सुरुवातीला चार लागतात: ऑर्गन, पियानो किंवा इलेक्ट्रिक पियानो, एक सिंथ लीड (सोलोचा धारदार टोन), एक पॅड (मागे भरून राहणारा लांब, मऊ टोन). यातला ऑर्गन नीट आला की रॉकचं अर्धं काम होतं, आणि ऑर्केस्ट्रातून येणाऱ्याचा नेमका तोच कच्चा असतो.

रॉकचा ऑर्गन म्हणजे हॅमंड. त्याला नऊ ड्रॉबार (आवाजाचे थर कमी-जास्त करणारे ओढदांडे) असतात, प्रत्येक शून्य ते आठ. पहिले तीन पूर्ण बाहेर आणि बाकीचे आत, म्हणजे ८८८ आणि पुढे सहा शून्यं, ही रॉकची नेहमीची सुरुवात. त्यावर थर्ड पर्कशन चालू केलं की सुराच्या तोंडाला ‘टक्’ येतो. मूळ वाद्यात पर्कशन चालू असताना नववा ड्रॉबार बंद पडतो. अनेक नकलांतही तसंच ठेवलंय, तेव्हा मशीन बिघडलं समजू नका. पर्कशन फक्त सगळ्या पट्ट्या सुटल्यानंतरच्या पहिल्या सुराला लागतं. सूर एकमेकांत मिसळून वाजवलेत तर ते एकदाच वाजतं आणि गायब होतं. दर सुराला हवं असेल तर बोटं तोडून वाजवा.

ऑर्गनला स्पर्शाचा जोर कळत नाही. कितीही आपटा, आवाज तेवढाच. लहान-मोठा करायचा तो उजव्या पायाखालच्या एक्स्प्रेशन पेडलनं. सस्टेन पेडलवरून पाय काढा; ऑर्गनवर तो दाबून ठेवला की सगळं एकत्र गुरगुरतं, सूर जोडायचे ते बोटांनीच. दुसरी गोष्ट लेस्लीची, म्हणजे ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरची. त्यातलं फिरणारं भोंगं हळू असताना मिनिटाला ४०-५० फेरे घेतं, जलद असताना ४०० च्या आसपास, आणि एका वेगावरून दुसऱ्यावर जायला त्याला वेळ लागतो. मजा त्या वेग चढण्यातच आहे. म्हणून मुखड्याच्या पहिल्या ठोक्यावर जलद हवं असेल तर बटण आधीच्या बारच्या तिसऱ्या ठोक्यावर दाबा. आवाज थोडा फाटलेलाही लागतो: ‘डीप पर्पल’चा जॉन लॉर्ड आपला हॅमंड गिटारच्या मार्शल अँपमधून काढायचा. मशीनमधला ओव्हरड्राइव्ह तीन सुरांची कॉर्ड स्पष्ट ऐकू येईल इतपतच वाढवा.

सगळ्या टोनचे आवाज एकमेकांशी जुळवणं हे कंटाळवाणं पण सर्वांत मोलाचं काम. हेडफोनवर करू नका, फसाल. तालमीतल्या अँपवर, मास्टर व्हॉल्यूम पाऊण ठेवून, प्रत्येक टोनवर एकच कॉर्ड जोरात मारा आणि पॅचचा व्हॉल्यूम बदला. पॅड गायकाच्या खाली राहू दे, लीड पॅडहून तीन-चार डेसिबल वर. रिव्हर्ब (घुमारा) घरी छान वाटतो तो निम्मा करा. लग्नाच्या हॉलला स्वतःचा भरपूर असतो. आणि प्रत्येक बदलानंतर राइट किंवा स्टोअर दाबा. नाही दाबलं तर ते बदल पॅच बदलताच किंवा वीज जाताच उडतात.

माळ्यावरचं जुनं यंत्र फेकू नका, पण थेट प्लगही लावू नका. परदेशातून आणलेलं असेल तर मागे १०० किंवा ११७ व्होल्ट छापलेलं नाही ना, हे पाहा. आपल्या २३० वर ते क्षणात जळतं. यामाहा डीएक्स-७ (१९८३) आणि कॉर्ग एम-१ (१९८८) यांची मेमरी आतल्या सीआर-२०३२ सेलवर टिकते. सेल संपला की टोन जातात. डीएक्स-७ मध्ये तो सोल्डर केलेला आहे, घड्याळवाल्याचं काम नव्हे. टोन शाबूत असतील तर सेल बदलण्याआधी मिडीवरून (वाद्य आणि संगणक जोडणारी केबल) संगणकात उतरवून घ्या. काही पट्ट्या वाजत नसतील किंवा एकदम जोरात वाजत असतील तर बहुतेकदा रबर काँटॅक्टखाली धूळ बसलेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडानं रबराची काळी टिकली आणि बोर्डावरचा तिचा ठसा हलकेच पुसा; पॉलिश पेपर लावलात तर कार्बन निघून येतो आणि पट्टी कायमची जाते.

अडॅप्टरची अदलाबदल करू नका. जुन्या कॅसिओच्या ९ व्होल्ट अडॅप्टरला मधलं टोक ऋण असतं, यामाहाच्या १२ व्होल्टला धन. पिन मात्र खुशाल बसू शकते. अडॅप्टरवर रंगीत टेप लावून मशीनचं नाव लिहा.

नवीन घ्यायचं तर ६१ किंवा ७३ पट्ट्यांचं, हलक्या स्पर्शाचं घ्या. ८८ पट्ट्यांचं हॅमर अ‍ॅक्शन (पियानोसारख्या जड पट्ट्यांचं) यंत्र पियानोला उत्तम, पण त्यावर ऑर्गनची घसीट मारताना तळहात सोलवटतो, आणि बारा ते वीस किलो जिन्यावरून चढवताना कंबर आठवण देते. मागे ६.३५ मिलिमीटरचे दोन स्वतंत्र आउटपुट हवेत. नुसता हेडफोनचा जॅक असेल तर त्यात साधी मोनो केबल घालू नका. एक बाजू शॉर्ट होते. लॅपटॉप पहिल्या वर्षी तरी स्टेजवर नेऊ नये असं आमचं मत. सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज बाहेर यायच्या आधीचा साठा) १२८ ठेवला तर उशीर तीनेक मिलिसेकंदांचाच, पण मेच्या दुपारी तापलेला लॅपटॉप मंदावतो आणि मग आवाज तुटतो. ब्लूटूथ हेडफोनवर तर सरावही नको. शंभर मिलिसेकंदांहून जास्त उशीर होतो आणि हात नकळत ठोक्याच्या पुढे पळायला शिकतात.

वीज हा आपल्याकडचा सर्वांत मोठा धोका आहे. मंडपातली जोडणी थ्री-फेजची असते आणि न्यूट्रल कुठेतरी नुसता गुंडाळलेला. तो सुटला की ज्या फेजवर भार कमी, तिथला दाब २३० वरून ४०० च्या दिशेनं चढतो. कीबोर्डचा भार दहा-वीस वॅट, म्हणजे फटका तुम्हालाच. साध्या मल्टिमीटरनं तीन मापं घ्या. फेज ते न्यूट्रल २१० ते २४५ च्या आत हवं. फेज ते अर्थही जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरं माप मोठं आलं किंवा माइकला ओठ लागताच झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत काही जोडू नका. लाइटिंगवाल्याच्या डिमरच्या फेजवर बसू नका. संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस सोबत ठेवला तर लाइट जाऊन जनरेटर येईपर्यंत कीबोर्ड बंद पडत नाही. फक्त त्याची पीप-पीप आधी बंद करून घ्या, संथ गाण्यात ती फार सुरेल वाटत नाही.

‘घूं’ आवाज येतोय म्हणून कुणी प्लगची अर्थची पिन काढायला निघालं तर हात धरा. ते काम डीआय बॉक्सवरच्या (कीबोर्डचा सिग्नल मिक्सरच्या लांब केबलसाठी बदलणारी डबी) ग्राउंड लिफ्ट बटणाचं. कीबोर्डची साधी जॅक केबल पाच-सहा मीटरच्या पुढे गेली की गुणगुण पकडते. डीआयमधून एक्सएलआरवर (माइकची तीन पिनांची केबल) तीस मीटर गेली तरी त्रास नाही. कीबोर्डला पॅसिव्ह डीआय पुरतो. स्वतःचा ठेवा, साउंडवाल्याचा कीर्तनाच्या पेटीला लावलेला असतो. सिस्टीम मोनो असेल तर फक्त ‘लेफ्ट/मोनो’ आउटपुट घ्या आणि पियानोचा मोनो टोन निवडा. स्टीरिओ पियानोच्या दोन्ही बाजू एका वाहिनीत मिसळल्या की काही सूर एकमेकांना खाऊन आवाज पोकळ होतो.

सस्टेन पेडल दाबलेल्या स्थितीत कीबोर्ड चालू करू नका. बरीच यंत्रं त्याच क्षणी पेडलची दिशा ओळखतात, आणि मग पाय काढला की सूर लांबतो. एक्स्प्रेशन पेडलचं उसनं-पासनंही जपून. यामाहा आणि रोलँडची आतली जोडणी वेगळी आहे.

शरीराचं म्हणाल तर बोटांआधी डोळे. वाचायचा चष्मा ३५-४० सेंटिमीटरसाठी असतो, उभ्यानं वाजवताना डिस्प्ले ६०-७० वर. तेवढं अंतर सांगून वेगळा चष्मा करून घ्या. बायफोकलमध्ये मान वर करून पाहावं लागतं आणि दोन तासांत खांदे भरतात. स्टँड कोपराच्या पातळीला किंवा दोन बोटं खाली. आठव्या मात्रेच्या सलग कॉर्ड मनगटातून वाजवा, मेट्रोनोम ८० पासून आठवड्याला चार-पाचनं वाढवत. बाहूच्या आतल्या बाजूला जळजळ झाली की त्या दिवसाचा सराव थांबवा. स्नायू हाडाला जोडणारी कंडरा सुजली तर महिना जातो. कानांचा हिशोब कडक आहे: ८५ डेसिबल आठ तास चालतात, १०० फक्त पंधरा मिनिटं. ड्रमच्या झांजेशेजारी उभे राहत असाल तर वादकांसाठीचे इअरप्लग घाला.

मेमध्ये कीबोर्ड बंद गाडीत ठेवू नका. साउंडचेक उन्हात असेल तर पांढरं कापड टाका. तापला की डिस्प्ले काळा पडतो, सावलीत थंड झाला की परत दिसतो.

पहिल्या कार्यक्रमाला पाच-सहा गाणी पुरे. पॅच गाण्यांच्या क्रमानं लावा, म्हणजे गाणं संपलं की एकच बटण पुढे. यादी ठळक अक्षरांत, पट्टी आणि पॅच क्रमांकासह. वेळेचं गणित आधी करा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. बारापर्यंतची सवलत वर्षातल्या मोजक्याच दिवसांना मिळते. सत्कार, शाली आणि मनोगतं होऊन सातचा कार्यक्रम साडेआठला उभा राहतो आणि कात्री शेवटच्या दोन गाण्यांना लागते. ऑर्गनचा सोलो असलेलं गाणं यादीत तिसरं ठेवा. तोवर साउंडवाल्यानं तुमचा आवाज बसवलेला असतो आणि बोटंही गरम झालेली असतात.