पिवळ्या ठिपक्यांच्या फरशीवरून रस्ता ओलांडताना

नाशिकच्या फुटपाथांवर पिवळ्या, उंचवट्यांच्या फरश्या दिसतात. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या मैत्रिणी म्हणतात, "टोचतात मेल्या, काढून टाकायला हव्यात." टोचतात हे खरं आहे. माझे गुडघे झिजलेत, मधुमेहामुळे तळव्यांना मुंग्या येतात. पण आमच्या शेजारच्या काकांना काचबिंदूमुळे जवळजवळ दिसत नाही आणि त्याच फरश्यांच्या भरवशावर ते एकटे भाजी आणायला जातात. त्या राहायलाच हव्यात. आपण त्यांवरून चालायचं कसं, तेवढं शिकून घेऊ या.

फरशीवरच्या लांब पट्ट्या म्हणजे याच दिशेने चला. गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे रस्ता किंवा जिना आहे. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये ही फरशी तयार केली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात ती पहिल्यांदा बसवली गेली. चाकांच्या खुर्चीसाठी फुटपाथ उतरता केला की कड नाहीशी होते, मग रस्ता कुठे सुरू झाला हे अंधांच्या काठीला कळत नाही. तिथे ठिपके कामाला येतात. त्यांची उंची साधारण ५ मिलिमीटर असते, पण पाय घासत चालणाऱ्याला अडखळायला तेवढी पुरते.

म्हणून पाऊल उचलून, अख्खा तळवा टेकवून, छोटी पावलं टाका. ठिपक्यांवर उभं राहून अंग वळवू नका, गुडघा तिथेच मुरगळतो. आधी सरळ पार व्हा, मग वळा. सिग्नलची वाट ठिपक्यांच्या मागे, सपाट जागेवर आणि जरा बाजूला उभं राहून पाहा. पायांनाही आराम आणि काकांसारख्यांची वाटही मोकळी.

चपलेचा विचार नीट करा. पातळ स्लिपरमधून प्रत्येक ठिपका तळव्याला लागतो. मागे पट्टा असलेली, जरा जाड आणि न घसरणाऱ्या तळाची सँडल घ्या. तळवे बधिर असतील तर उंचवटा पायाला कळेलच असं नाही, तेव्हा नजर आणि काठी दोन्ही वापरा. काठी ओढू नका, उचलून टेकवा. तिचं रबरी बूच झिजलं असेल तर लगेच बदला.

चष्म्याकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही! बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काचेच्या खालच्या भागातून पायाजवळची कड पुसट दिसते, कारण तो भाग वाचण्यासाठी असतो. हनुवटी खाली झुकवून वरच्या भागातून बघा. शक्य असेल तर चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. त्याबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

पावसात फरशी निसरडी होते, शेवाळ धरलेली तर फारच. तेव्हा सोबतीचा हात धरा, लाज कसली त्यात? आणि नाशिकच्या मेहेर किंवा सीबीएस चौकातल्या सिग्नलला हिरवा माणूस दिसला तरी डावीकडे वळणाऱ्या रिक्षा बघूनच पाऊल टाका.

फरशी हलत असेल, किंवा पट्ट्या थेट खांबावर जाऊन संपत असतील, तर महापालिकेकडे फोटोसह तक्रार करा. चौकाचं नाव आणि समोरच्या दुकानाची खूण लिहा. "काढा" असं न लिहिता "नीट बसवा" असं लिहा आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा.