जुन्या पिकअपला बोल्ट-इन इंडिपेंडंट फ्रंट सस्पेन्शन कसं बसवावं

‘पाटे काढा, किट लावा, बोल्ट आवळा, झालं काम.’ हा सल्ला नागपुरात कुठल्याही गॅरेजसमोर उभं राहिलं की फुकट मिळतो. त्यातलं पहिलं आणि शेवटचं बरोबर आहे. मधलं ‘किट लावा’ हेच खरं काम, आणि गाडी सरळ चालणार की आयुष्यभर एका बाजूला ओढणार, ते तिथेच ठरतं.

हा लेख शेवरोले 3100 किंवा पन्नाशीच्या दशकातली फोर्ड एफ-100 अशा पिकअपसाठी आहे: सरळ अ‍ॅक्सल, पुढे पाटे, उघडी सी-चॅनलची चासी. दोन्ही पुढची चाकं एकमेकांपासून स्वतंत्र वरखाली होणं म्हणजे इंडिपेंडंट सस्पेन्शन. त्यासाठीची अशा गाड्यांची बहुतेक किट्स 1974 ते 1978 मधल्या फोर्ड मस्टँग टू या गाडीच्या रचनेवर बेतलेली असतात.

आधी कागद बघा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्हींचा सूर एकच आहे: कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही. म्हणून आरटीओकडून लेखी उत्तर घ्या, विमा कंपनीलाही कळवा. गाडी 50 वर्षांपुढची असेल आणि 2021 च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी हवी असेल, तर हे किट लावूच नका. त्या नोंदणीसाठी चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही. ‘बोल्टचंच तर आहे, उद्या काढू’ असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की कापलेले रिव्हेट परत येत नाहीत.

ऑर्डर देताना उजव्या हाताची, म्हणजे उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीची रॅक (चाकं वळवणारा दातेरी दांडा) हवी हे स्पष्ट लिहा. अमेरिकेतून येणारी किट्स डाव्या हाताची असतात. ‘डावी रॅक उलटी करून बसवा, चालते’ असं सांगणारे भेटतात. त्यांचं अजिबात ऐकू नका. रॅक उलटी केली की पिनियन (स्टिअरिंगबरोबर फिरून रॅक सरकवणारं दातेरी चाक) उजवीकडे येतो खरा, पण स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की चाकं डावीकडे वळतात. हा जीवघेणा प्रकार आहे. शिवाय 3100 च्या मूळ चाकाला सहा बोल्ट असतात आणि किटच्या डिस्कला बहुधा पाच, म्हणजे पुढच्या रिमचा खर्चही आत्ताच धरा.

आता तो टप्पा, ज्याने मला सर्वांत जास्त घाम फोडला: चाकाची मध्यरेषा पकडणं आणि क्रॉसमेंबर, म्हणजे चाकांचे आर्म (हात) आणि रॅक पेलणारी किटमधली आडवी तुळई, काटकोनात बसवणं.

मध्यरेषा घ्यायची ती गाडी चाकांवर उभी असताना, चारही टायरमध्ये बरोबर हवा आणि चाकं सरळ. जॅकवर गाडी उचलली की पाटे खाली लोंबतात, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) फिरतो आणि अ‍ॅक्सल पुढेमागे सरकतो. त्या स्थितीत घेतलेलं माप खोटं असतं. फरशीचा उतार गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने तपासा. दोन्ही हबच्या मध्यातून ओळंबा सोडा, जमिनीवर खुणा करा, त्या खुणांमधून दोरा ताणा. मग चासीच्या दोन्ही पट्ट्यांवरून त्या दोऱ्यावर ओळंबा आणून खूण करा. खूण सेंटर पंचने ठोका. खडूची रेघ ग्रीस धुताना जाते, आणि तोवर अ‍ॅक्सल कोपऱ्यात पडलेला असतो.

ही रेघही डोळे झाकून मानू नका. जुन्या गाडीच्या पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला किंवा शॅकल झिजलेला असला, तर अ‍ॅक्सलच तिरका असतो. म्हणून पाटे उतरवल्यावर आधी चासीचे कर्ण मोजा: पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि उलट. कर्णच जुळत नसतील तर पुढे जाऊ नका, चासी आधी सरळ करून घ्या.

मग चासी चार घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा, पण गाडी शेवटी जशी उभी राहणार आहे त्याच झुकावावर. याकडे फार कमी लोक लक्ष देतात. पुढचा भाग जितका खाली, तितका कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. 1955 च्या सुरुवातीपर्यंतच्या 3100 चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 116 इंच आहे, म्हणजे साधारण 2 इंचांच्या झुकावाला 1 अंश कास्टर गेला. झुकाव ठरवल्याशिवाय क्रॉसमेंबर बसवली, तर नंतर अलाइनमेंटवाला कितीही पत्र्या घालो, स्टिअरिंग सुस्त आणि भरकटणारंच राहील.

क्रॉसमेंबर सी-क्लॅम्पने अडकवा, खुणेला लावा आणि कर्ण घ्या: डाव्या खालच्या आर्मच्या पिव्होट भोकापासून उजव्या मागच्या पाट्याच्या पुढच्या पिनेपर्यंत, मग उलट. दोन मापांत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक मी चालवून घेत नाही, आणि निम्म्यावर येईपर्यंत हातोडीने ठोकत राहतो. क्लॅम्प आवळल्यावर परत मोजा, कारण आवळताना ती सरकते.

इथेच मिस्त्री म्हणतो, “भाऊ, भोकं तं कंपनीचेच हायेत, काहून टेन्शन घेऊन रायले?” कारण चासीतली ती भोकं सत्तर वर्षांची आहेत. गंजाने मोठी झालेली, मागच्या कुणीतरी कानस मारलेली. भोक आणि कर्ण यांत भांडण असेल तर कर्ण खरा. भोक लांबट करून बोल्ट बसवायचा नाही. पहिल्या जोरदार ब्रेकला क्रॉसमेंबर तेवढी सरकेल. जुनं भोक चांगल्या वेल्डरकडून भरून घ्या आणि नवं पाडा. आधी दोन सूत, म्हणजे पाव इंचाचं, मग चार सूत, भरपूर कटिंग ऑइल टाकून. दोन्ही बाजूंना एकेक भोक, त्यात बोल्ट, परत कर्ण, आणि मगच उरलेली.

बोल्ट किटमधलेच. ग्रेड 8 च्या डोक्यावर सहा रेषा असतात. अर्ध्या इंचाच्या भोकात 12 एमएमचा बोल्ट टाकला तर तो 10.9 ग्रेडचा असला तरी भोकात खेळणारच.

आर्म, स्प्रिंग, स्पिंडल चढवणं हे सकाळभराचं काम आहे. रबरी बुशांचे बोल्ट मात्र इंजिन बसून गाडी चाकांवर उभी राहिल्यावर आवळा. लोंबत्या आर्मवर आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

रॅक दिलेल्या जागीच बसवा. सम्प (इंजिनखालचं तेलाचं भांडं) लागतो म्हणून खाली वॉशर घालून ती सरकवली, की खड्ड्यात चाक वर जाताना स्वतःहून वळायला लागतं. सम्प बदला, रॅकची जागा बदलू नका.

ब्रेकचा जुना मास्टर सिलिंडर ड्रमसाठी आहे. त्यातला प्रेशर रोखणारा व्हॉल्व्ह डिस्क धरून ठेवतो आणि चाक तापतं. दुहेरी सर्किटचा नवा घ्या. तो जुन्यासारखा फ्लोअरखालीच राहणार असेल तर डिस्कच्या लाइनला 2 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडासाच दाब राखणारा) हवा.

अलाइनमेंटच्या संगणकात या गाडीचे आकडे नसतात, आणि किट बसवल्यावर जुने आकडे लागूही नाहीत. किटबरोबरचा कागद घेऊन जा. तो नसेल तर साध्या रॅकला कास्टर 2 ते 3 अंश, पॉवरला 4 ते 5, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) 0 ते उणे अर्धा, टो-इन (चाकं पुढून किती आत वळलेली) एकूण दीड ते तीन मिलिमीटर. आधी कास्टर-कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी.

पहिली चाचणी नागपूरजवळच्या वाडीकडच्या एखाद्या गोदामाच्या मोकळ्या आवारात, मालकाला विचारून घ्या. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकची नळी टायरला घासत नाही ना बघा. शे-दीडशे किलोमीटर झाले की क्रॉसमेंबरचा प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासा आणि नटावर रंगाची रेघ ओढा, म्हणजे पुढच्या वेळी ढिला झालेला लगेच दिसतो.