मूल जेवत नाही? ताटापाशी होणाऱ्या या चुका टाळा

पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या साधारण तिप्पट होतं. 3 किलोंचं बाळ वर्षभरात 9 किलोंच्या आसपास पोचतं. पुढे हा वेग मंदावतो. दोन ते पाच वर्षांच्या मुलाचं वजन वर्षाला साधारण 2 किलोंनीच वाढतं, आणि त्या प्रमाणात भूकही कमी होते. हे आपल्याला आधी कुणी सांगत नाही. म्हणून नेमक्या याच वयात घरोघरी सुरू होतं, ‘काही खातच नाही हो!’ माझ्या लेकीच्या वेळी मीही रोज हेच म्हणायचे, आणि त्या काळजीपोटी पुढच्या बहुतेक चुका मी केल्या आहेत.

मोबाईल दाखवून भरवणं

समोर गाणं लागलं की तोंड उघडतं, वाटी संपते, आपल्याला हायसं वाटतं. पण मूल जेवलेलं नसतं, त्याला भरवलेलं असतं. भाताची चव, पोट भरल्याची जाणीव, काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, आणि 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको. तीन जेवणं अर्धा-अर्धा तास मोबाईलवर झाली तर दीड तास तिथंच संपला.

सोडवायचं कसं? जेवताना सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत, बाबांचा आणि आजोबांचाही. पहिले तीन-चार दिवस रडारड होईल, मूल चार घास कमी खाईल. धडधाकट मुलाचं तेवढ्यानं काही बिघडत नाही. मात्र त्या दिवसांत ‘उपाशी राहिलं गं’ म्हणून तासाभरानं बिस्किटांचा पुडा पुढे केला, तर सगळी मेहनत वाया जाते.

मधल्या वेळचं दूध आणि खाऊ

जेवणाआधी कपभर दूध प्यायलेलं मूल वरणभात का खाईल? दिवसाला अर्धा लिटरपेक्षा जास्त दूध नको. त्यानं भूक मरते आणि अंगात लोह कमी पडू शकतं. दोन खाण्यांत दोन-अडीच तासांचं अंतर ठेवा आणि मधे फक्त पाणी द्या.

‘एवढा एकच घास’

चिऊचा घास, काऊचा घास यात गोडवा आहे, मूल हसत खातंय तोवर. त्यानं मान फिरवल्यावर हात धरून, नाक दाबून कोंबलेला घास ही वेगळी गोष्ट आहे. रडताना घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतोच. पण मला त्याहून जास्त लागतं ते दुसरंच. मान फिरवणं हे बोलताही न येणाऱ्या जिवाचं ‘नको’ असतं. दिवसातून तीनदा ते ‘नको’ आपण मोडून काढतो, आणि पुढे तेच मूल कुणासमोर ठामपणे बोलत नाही म्हणून काळजी करतो.

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी यासाठी सोपी वाटणी सांगितली आहे. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. मी हे धरलं तेव्हा पहिला आठवडा जीव मुठीत होता. ताटात दोन चमचे भात वाढायचा आणि आपण शेजारी बसून आपलं जेवायचं. नवव्या की दहाव्या दिवशी तिनं वाटी पुढे केली, ‘अजून’. सांडतं, केसांना लागतं, खाली जुनी चादर अंथरा. स्वतःच्या हातानं मोडलेला भाकरीचा तुकडा तोंडात गेल्यावर मुलाचा चेहरा बघा.

शिक्के आणि धाक

‘पोलीसकाका घेऊन जातील’, ‘शेजारचा बघ कसा खातो’ हे आजच बंद करा. ‘आमची ही भाजीला हातच लावत नाही’ हेही तिच्यादेखत पाहुण्यांना सांगू नका. ती ऐकते आणि तशीच वागते. नवी भाजी आवडायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. दोडका दोनदा नाकारला म्हणून सोडू नका. ताटाच्या कडेला चिमूटभर वाढा, आग्रह करू नका, आपण मात्र चवीनं खा.

तरीही खात नसेल तर

काळजी घासांच्या संख्येवरून करू नका, वजनावरून करा. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून वाढीच्या तक्त्यावर नोंद होते. ती रेषा वर जातेय ना, ते पाहा. दोन-तीन महिने वजन जागचं हललं नाही, मूल फिकट दिसतंय, माती खातंय, गिळताना ठसकतंय किंवा वारंवार उलट्या होतायत, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. दुकानातून आपल्या मनानं भूक वाढवायचं टॉनिक आणू नका. आधी रक्त तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा.