लंडनचे कोव्हेंट गार्डन कसे पाहावे
कोव्हेंट गार्डन या मध्य लंडनमधील भागाला स्वतःचे भुयारी रेल्वेचे स्थानक असले, तरी तेथून वर येण्यासाठी लिफ्टपाशी ताटकळावे लागते किंवा १९३ पायऱ्यांचा चक्री जिना चढावा लागतो. त्यामुळे जवळच्या लेस्टर स्क्वेअर स्थानकावर उतरून थोडे चालत येणे अधिक सोयीचे ठरते. फळे व भाज्यांचा जो घाऊक बाजार १९७४ मध्ये लंडनच्याच नाइन एल्म्स भागात हलवण्यात आला, त्याचीच १८३० मधील इमारत १९८० पासून दुकाने आणि उपाहारगृहे यांनी गजबजलेली आहे, म्हणून खरेदीला लागण्यापूर्वी तिचे छत आणि खांब सावकाश पाहून घ्यावेत. जुन्या वस्तूंचा शौक असणाऱ्यांनी सोमवार निवडावा, कारण त्या दिवशी शेजारच्या ज्युबिली मार्केटमध्ये अशाच वस्तू विक्रीला असतात. सेंट पॉल चर्चसमोर रस्त्यावरचे कलाकार खेळ करतात. शेवटपर्यंत पाहिल्यास त्यांना पैसे द्यावेत, नुसते छायाचित्र काढून सटकू नये. जेवणासाठी मात्र मुख्य चौकात न रेंगाळता जवळच्याच सेव्हन डायल्स भागातील गल्ल्यांकडे वळणे बरे. संध्याकाळी नाटकाआधी मिळणारे ठरावीक पदार्थांचे जेवण बहुधा स्वस्त पडते. बिलात सेवाशुल्क आधीच धरलेले आहे का, हे तपासूनच टिप ठेवावी.