एलव्हीडीएस क्लॉक वेडावाकडा दिसतोय?

स्क्रीन काळी आणि एलव्हीडीएसने (दोन लाइनींच्या जोड्यांवरून) पॅनेलला चित्राचा डेटा पाठवणाऱ्या ट्रान्समीटर चिपचा क्लॉक स्कोपवर विचित्र, म्हणून लगेच चिप बदलायला घेऊ नका.

१. पॅनेलची केबल काढून मोजत असाल तर क्लॉकच्या दोन लाइनींमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर लावा. त्याशिवाय दिसणाऱ्या सिग्नलला काही अर्थ नाही. रेझिस्टरवर साधारण ३५० मिलिव्होल्ट मिळायला हवेत.

२. तरीही थरथरतोय? चिपमध्ये येणारा पिक्सेल क्लॉक आणि पीएलएलच्या (क्लॉक स्थिर धरणाऱ्या सर्किटच्या) सप्लाय पिनवरचा रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली चढउतार, बघा. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

३. क्लॉक अजिबात नसेल तर चिपची पॉवर-डाउन पिन (चिप बंद ठेवणारी) तपासा.

आणि हो, ७:१ एलव्हीडीएसमध्ये (क्लॉकच्या एका फेरीत प्रत्येक जोडीवर ७ बिट) क्लॉक ५०-५० नसतोच; ४ बिट वर, ३ बिट खाली.

प्रोबची ग्राउंड क्लिप मात्र जोडीतल्या कुठल्याच लाइनीला लावू नका, ती लाइन थेट ग्राउंडला जोडली जाते. दोन प्रोब लावून वजाबाकी घ्या.