टबाखालच्या निचऱ्याचे सामान निवडताना या चुका टाळा

बाथरूमचे नूतनीकरण काढले की घरमालक टाइलच्या छटेसाठी चार दुकाने पालथी घालतात, आणि टबाखालच्या निचऱ्याचे सामान मात्र ‘प्लंबर आणेल ते’ यावर सोडून देतात. टाइल नंतर केव्हाही बदलता येते. टबाखालचा पाइप बदलायचा झाला, तर आधी तीच टाइल फोडावी लागते.

मला सर्वाधिक वेळा दिसलेली आणि एकदा माझ्याही हातून घडलेली चूक म्हणजे टबाखाली पन्हळीचा लवचीक वेस्ट पाइप बसवणे. बेसिनखाली तो चालतो, कारण तेथे तो डोळ्यांसमोर असतो आणि तुंबल्यास हाताने काढून धुता येतो. कोथरूडमधील एका जुन्या इमारतीत अ‍ॅक्रिलिकचा टब बसवताना टबाच्या निचऱ्याचे तोंड आणि नहाणी ट्रॅप (जमिनीतला, पाणी साठवून दुर्गंधी अडवणारा सांधा) एका रेषेत येत नव्हते. घरमालकांना गणपतीपूर्वी काम पूर्ण हवे होते, प्लंबरने लवचीक पाइप वळवून जोडला, आणि देखरेख माझी असूनही मी मान डोलावली. आठ महिन्यांनी खालच्या मजल्यावरील काकांनी मला बोलावून आपल्या छतावरची ओल दाखवली. टबाभोवतीचा विटांचा कट्टा फोडला तेव्हा पाइपला मधोमध झोळ पडलेला होता, पन्हळींमध्ये केस आणि साबणाचा थर साचला होता, आणि तुंबलेले पाणी जोडातून पाझरून संक स्लॅबच्या (पाइपसाठी खाली घेतलेल्या बाथरूमच्या स्लॅबच्या) भरावात मुरत होते. दोन्ही घरांच्या दुरुस्तीचा खर्च मी दिला. मूळ कामात कमी पडले होते ते दोन एल्बो (वळणाचे जोड) आणि हातभर कडक पाइप.

तेव्हापासून टब प्रत्यक्ष जागेवर आल्याशिवाय मी पाइप टाकू देत नाही, आणि कट्ट्यात आत हात जाईल एवढी उघडणारी झडप ठेवतो. झडपेमुळे शोभा जाते असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ते काम दुसऱ्याला देतो.

दुसरी चूक पाइपच्या प्रकाराची. आयएस १३५९२ या भारतीय मानकानुसार एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी व पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या पीव्हीसी) पाइपचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन प्रकार असून ‘ए’ हा वायुवीजन व पावसाच्या पाण्यासाठी, तर जाड भिंतीचा ‘बी’ हा सांडपाणी व मैल्यासाठी आहे. रंग आणि व्यास सारखाच दिसत असल्यामुळे स्वस्त म्हणून ‘ए’ माथी मारला जातो. मी पाइपवरची छपाई वाचूनच तो उतरवून घेतो. टबाचे पाणी एकदम सुटते, त्यामुळे बेसिनचे ३२ मिलिमीटरचे सामान येथे वापरू नये. वेस्ट (टबाच्या तळाशी बसणारी निचऱ्याची जोडणी) किमान ४० मिलिमीटरचा असावा, आणि पुढील पाइपला मी मीटरला दोन सेंटीमीटर उतार देतो.

प्लास्टिकच्या आट्यांवर सूत आणि सफेदा गुंडाळून पान्ह्याने आवळणे थांबवावे, कारण त्याने नट तडकतो. वॉशर नीट बसला असेल तर हाताची पकड पुरते. जुन्या बिडाच्या पाइपला पीव्हीसी जोडताना फटीत सिमेंट कोंबू नये, रबरी कपलिंग वापरावे. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आतून गंजतो, म्हणून निचऱ्यासाठी तो नकोच. करवतीने कापलेल्या टोकाची कुसळे कानशीने घासून काढावीत, अन्यथा केस तेथेच अडकतात.

चाचणीच्या बाबतीत घाई करणाऱ्यांना मी सरळ नकार देतो. सॉल्व्हंटचे (पीव्हीसी चिकटवणाऱ्या द्रवाचे) जोड पूर्ण वाळल्यानंतर टब ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी बाहेर जाण्यासाठी वर ठेवलेल्या) भोकापर्यंत भरून रात्रभर ठेवावा, सकाळी आणखी पाणी सोडून ओव्हरफ्लो वाहू द्यावा आणि मग बूच काढून टबाखाली टॉर्च मारावा. पुष्कळ जण केवळ बूच तपासतात. ओव्हरफ्लोचा वॉशर सरकलेला असल्याचे त्यांना थेट खालच्या मजल्यावरून कळते.